इंग्लंडमधल्या जुन्या चर्चचा मनोरा कसा पाहावा, त्याच्या घंटा कशा ऐकाव्यात : नवख्यांसाठी मार्गदर्शक

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी लंडनचे पूल, किल्ले, राजवाडे सगळं पाहतात, पण गावातलं पॅरिश चर्च मात्र बाहेरूनच पाहायचं राहून जातं. आत जाऊ देतील का, तिकीट असतं का, प्रार्थना चालू असली तर काय करायचं, मनोऱ्यावर चढता येतं का, अशा शंका असतात आणि विचारायचं कुणाला ते कळत नाही. चर्चमधली माहितीपत्रकं इथल्याच लोकांसाठी लिहिलेली असतात. पहिल्या दोन ओळींतच तीन अनोळखी शब्द भेटतात. या सगळ्यातून मी गेले आहे, आणि आता गेली काही वर्षं आमच्या गावच्या मनोऱ्यात दर आठवड्याला घंटा वाजवते. ज्या क्रमाने पाहिलं तर मनोरा नीट उलगडतो, तो क्रम इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा : हा मनोरा घंटांसाठी बांधलेला असतो. उंचीची हौस, गावाची शान, शेजारच्या गावाशी चढाओढ हे सगळं त्यात होतंच. पण जाड भिंती, वरच्या मजल्यावरच्या झडपांच्या खिडक्या, कोपऱ्यातला अरुंद जिना, छतातलं गोल भोक यांच्या मागे लागलात की बहुतेक वेळा घंटांपाशीच जाऊन पोचता.

१. आधी मनोरा निवडा

पहिल्या खेपेला कॅथेड्रल निवडू नका. तिथे गर्दी असते, तिकीट असतं आणि पाहायला इतकं असतं की मनोऱ्याकडे लक्षच जात नाही. गावचं चर्च निवडा.

माझं मत विचाराल तर सफक परगण्यातलं लॅव्हनम. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून मार्क्स टे, तिथे गाडी बदलून सडबरी, आणि पुढे बस. रविवारी बसचं आधी बघून घ्या, नाहीतर सडबरीला अडकाल. पंधराव्या शतकात हे गाव लोकरीच्या निळ्या कापडावर गबर झालं. थॉमस स्प्रिंग हे कापडाचे बडे व्यापारी आणि ऑक्सफर्डचे अर्ल डी व्हेअर यांच्या पैशांवर इथलं चर्च नव्याने उभं राहिलं. मनोरा १५२५ च्या सुमारास पुरा झाला, उंची १४१ फूट. डी व्हेअर घराण्याचा पाच टोकांचा तारा आणि स्प्रिंग यांचं मानचिन्ह दगडात कोरलेलं आहे. खालून नुसत्या डोळ्यांनीही तारा सापडतो. आत आठ घंटा आहेत. त्यांतली सर्वांत मोठी कोलचेस्टरचे ओतारी माइल्स ग्रे यांनी १६२५ साली ओतली, आणि सगळ्या इंग्लंडमध्ये गोड आवाजासाठी जिचं नाव घेतात ती हीच घंटा.

ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांनी त्याच परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्टला जावं. तिथला मनोरा १५२५ मध्ये सुरू झाला आणि अर्धवटच राहिला. मग १५३१ मध्ये चर्चच्या आवारात जमिनीवरच एक लाकडी घर बांधून त्यात पाच घंटा ठेवल्या. त्या आजही तिथेच आहेत. दोर नाही, चाक नाही. घंटेच्या वरचं लाकूड हातांनी धरून माणसं त्या फिरवतात. घंटा कशी टांगतात आणि कशी फिरते हे इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

याशिवाय नॉरफकमध्ये राहत असाल तर तिथले गोल मनोरे पाहा. त्या भागात कोपऱ्यांना लागणारा चांगला घडाईचा दगड मिळत नाही, गारगोटी मात्र शेतातून हवी तेवढी मिळते. गोल मनोऱ्याला कोपरेच नसतात, म्हणून तो गारगोटीत उभा राहतो, असं त्याचं कारण सहसा सांगतात. मिडलंड्समध्ये असाल तर नॉर्दॅम्प्टनशरमधलं अर्ल्स बार्टन. तिथला मनोरा नॉर्मन लोक (१०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येऊन इंग्लंड जिंकणारे) येण्याआधीचा, दहाव्या शतकाच्या अखेरचा आहे. लिंकनशरमध्ये लाऊथ : सेंट जेम्स चर्चचा निमुळता कळस १५०१ ते १५१५ मध्ये बांधला, खर्च आला ३०५ पौंड ७ शिलिंग ५ पेन्स, असं चर्चच्या हिशेबात लिहून ठेवलेलं आहे. उंची जमिनीपासून २८७ फुटांच्या वर.

कुठल्या चर्चमध्ये किती घंटा, वजन किती, सराव कोणत्या दिवशी, हे सगळं 'डव्ह्ज गाइड' नावाच्या यादीत मिळतं. रोनाल्ड डव्ह यांनी ती पहिल्यांदा १९५० मध्ये छापली. आता ती इंटरनेटवर फुकट आहे. निघण्याआधी एकदा तिथे गावाचं नाव टाकून बघाच.

२. सोबत काय घ्यायचं

- दुर्बीण. छोटी चालेल, पण हवीच. मनोऱ्यावरचं निम्मं काम साठ फुटांच्या वर असतं.
- टॉर्च. मोबाइलचा पुरत नाही, शिवाय वर चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. डोक्याला बांधायचा मिळाला तर उत्तम.
- सपाट तळव्याचे, घट्ट बांधायचे बूट. पायऱ्या पाचशे वर्षांत मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात.
- कानात घालायचे बोळे आणि साधा मास्क. वर धूळ आणि कबुतरांची घाण असते.
- दानपेटीसाठी थोडी सुटी नाणी. प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत असतो, पण या इमारतींची डागडुजी गावच्याच वर्गणीवर चालते.

ओळखपत्र किंवा इतर कागद नुसतं बघायला लागत नाहीत. मनोऱ्यावर चढायचं असेल तर काही ठिकाणी नाव लिहून सही घेतात, एवढंच.

३. बाहेरून एक प्रदक्षिणा घाला

दार उघडं दिसलं तरी लगेच आत जाऊ नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. चर्च पूर्व-पश्चिम असतं. वेदी पूर्वेला, मनोरा बहुतेक वेळा पश्चिम टोकाला.

पश्चिमेला उभं राहून खालून वर नजर न्या. तळाशी दार, त्यावर मोठी खिडकी. त्यावर एखादी बारीक खिडकी, ती दोर ओढायच्या किंवा घड्याळाच्या खोलीची. आणि सगळ्यात वर चारही बाजूंना मोठ्या खिडक्या, ज्यांना काचा नाहीत. काचेऐवजी तिरप्या झडपा असतात, दगडी, लाकडी किंवा शिशाने मढवलेल्या. पाऊस आत येऊ नये, आवाज मात्र बाहेर जावा, म्हणून ही योजना. घंटा तिथेच, त्या झडपांच्या मागे असतात.

आता कोपरे बघा. भिंतीला बाहेरून टेकलेले दगडी आधार दिसतील, त्यांना बट्रेस म्हणतात. ते कोपऱ्यावर तिरपे लावलेत, की दोन्ही भिंतींना काटकोनात, हे टिपून ठेवा. काळ ओळखायला त्याचा उपयोग होतो. एका कोपऱ्यात फुगवटा असेल आणि त्यात तिरासारख्या फटी असतील, तर आत गोल जिना आहे. भिंतीत मध्येमध्ये चौकोनी भोकं किंवा ती बुजवल्याच्या खुणा दिसतात, त्या पहाडाच्या, म्हणजे गवंड्यांनी बांधलेल्या परांचीच्या, लाकडांच्या.

माथ्यावर किल्ल्यासारख्या चर्या असल्या तरी लढाईशी त्यांचा संबंध नसतो, त्या नुसत्या शोभेच्या असतात. सॉमरसेटमध्ये चर्यांखाली विचित्र प्राण्यांच्या आकृती असतात. तोंडातून पाणी ओतणारी ती गार्गॉइल, आणि पाण्याशी काही संबंध नसलेली ती स्थानिक भाषेत 'हंकी पंक'.

शेवटी पूर्वेची बाजू, जिथे चर्चचं छप्पर मनोऱ्याला भिडतं. तिथे छपराच्या वर, मनोऱ्याच्या भिंतीवर उलट्या व्ही सारखी दगडी रेघ दिसते का बघा. ती जुन्या, जास्त उताराच्या छपराची खूण असते. एवढ्या एका रेघेवरून कळतं की छप्पर नंतर बदललं आणि मनोरा त्याच्याही आधीचा आहे. ही रेघ सापडली की मला फार आनंद होतो. दुर्बीण बहुतेक यासाठीच लागते.

दक्षिणेच्या भिंतीवर दाराशेजारी हात ठेवायच्या उंचीवर खरवडलेलं अर्धवर्तुळ आणि मध्ये भोक दिसलं तर ते मध्ययुगीन सूर्यघड्याळ. भोकात काडी खुपसायची आणि सावलीवरून प्रार्थनेची वेळ ओळखायची. घंटा कधी वाजवायची ते अशा घड्याळावर ठरे.

४. काळ ओळखा, पण घाई करू नका

इथल्या शैलींची नावं थॉमस रिकमन यांनी १८१७ साली रूढ केली आणि आजही तीच चालतात. त्यांच्या तारखा पाठ करायची गरज नाही. खिडकीची कमान बघा :

कमान अर्धगोल आणि भिंत अतिशय जाड, तर नॉर्मन, साधारण १०६६ ते ११९०. कमान टोकदार, खिडकी अरुंद आणि उंच, आत जाळी नाही, तर अर्ली इंग्लिश, साधारण १२५० पर्यंत. खिडकीत दगडाची वळणावळणाची, ज्वालांसारखी जाळी, तर डेकोरेटेड, १३५० पर्यंत. जाळीत सरळ उभ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत गेलेल्या आणि कमान थोडी चपटी, तर पर्पेंडिक्युलर, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. कोपऱ्यांवर एक उभा लांब दगड, एक आडवा, पुन्हा उभा असा क्रम असेल तर ते नॉर्मनांच्याही आधीचं सॅक्सन काम.

इथे मोठा सापळा आहे. खिडकीचा काळ हा मनोऱ्याचा काळ असतोच असं नाही. बाराव्या शतकाच्या भिंतीत पंधराव्या शतकातली खिडकी फोडून बसवणं ही नेहमीची गोष्ट. मनोऱ्याचा तळ एका काळातला, मधला भाग दुसऱ्या, घंटांचा मजला तिसऱ्या काळातला असंही पुष्कळदा असतं, कारण घंटा वाढल्या की मनोरा उंच करावा लागे. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळात अनेक चर्चांची 'दुरुस्ती' झाली आणि तेव्हा मध्ययुगीन शैलीत नवे दगड बसवले गेले. दगडाच्या कडा फारच धारदार आणि कोरीव काम सगळीकडे अगदी सारखं दिसलं तर सावध व्हा.

मनोरा बांधणाऱ्या लोकांचंही थोडं ऐका. सफकच्या किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक गावाने १४२६ मध्ये दोन गवंड्यांशी केलेला करार टिकून आहे. मनोरा टन्स्टलच्या मनोऱ्यासारखा हवा, पश्चिमेचं दार हेल्सवर्थसारखं हवं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मजुरी दर यार्डाला ४० शिलिंग, शिवाय वर्षाला हेरिंग माशांचं एक पिंप. शेजारच्या गावाचा मनोरा दाखवून 'असा पाहिजे' म्हणायचं, आणि मासेमारीचं गाव म्हणून मोबदल्यात मासे द्यायचे! म्हणून एक मनोरा पाहिल्यावर आसपासच्या दोन-तीन गावांचेही पाहा. कुणी कुणाचं पाहून बांधलं ते लक्षात येऊ लागतं.

५. आत गेल्यावर मागे वळा

आत शिरल्यावर सगळ्यांची नजर पूर्वेकडे, वेदीकडे जाते. तुम्ही पश्चिमेकडे वळा. मनोऱ्याखाली उंच कमान दिसेल. तिच्या आत उभं राहून वर बघा. छत दगडी असेल तर मधोमध मोठं गोल भोक आणि त्यावर लाकडी झाकण दिसतं. घंटा वर नेण्याचा आणि पुन्हा ओतायला खाली आणण्याचा रस्ता तो. भोकाच्या रुंदीवरून अंदाज करता येतो की बांधणाऱ्यांच्या मनात केवढी घंटा होती.

दोर इथेच, तळमजल्यावर लोंबत असतील, नाहीतर एक मजला वर. दोराला एका ठिकाणी लोकरीचा जाड, रंगीत पट्टा असतो, तो सॅली. दोर भिंतीशी गुंडाळून उंच बांधलेले असतात.

दोराला हात लावू नका. मुलांना लावू देऊ नका. या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. घंटा कधीकधी तोंड वर करून, म्हणजे उलटी उभी करून ठेवलेली असते. खालून ते कळत नाही. अशा घंटेचा दोर ओढला तर अर्धा टन धातू गरागरा फिरतो आणि दोर माणसाला उचलून आपटतो. यात हाडं मोडलेली आहेत, जीवही गेले आहेत.

भिंतीवर लाकडी फळ्या दिसतील, सोनेरी अक्षरं, नावं, तारखा. त्या मोठ्या वादनांच्या नोंदी. त्यांचा अर्थ पायरी ८ वाचल्यावर लागेल. भिंतीवर दोरांची एक चौकट दिसली, तर ती एलाकम नावाच्या पाद्र्यांनी १८२१ मध्ये काढलेली युक्ती : एकट्या माणसाने सगळ्या घंटांवर हातोड्या मारायच्या. वादक मंडळींना ती फारशी आवडत नाही.

६. वर जायची परवानगी मागा

न विचारता जिन्याचं दार उघडू नका, उघडं असलं तरी. विचारायचं कुणाला? चर्चच्या दारातल्या फलकावर चर्चवॉर्डनचा आणि टॉवर कॅप्टनचा संपर्क असतो. चर्चवॉर्डन म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा गावकरी, टॉवर कॅप्टन म्हणजे वादकांचा प्रमुख. घंटांसाठी तोच योग्य माणूस. आठवडाभर आधी दोन ओळी लिहा : मला घंटांमध्ये रस आहे, सरावाच्या संध्याकाळी येऊन पाहिलं तर चालेल का. बहुतेक ठिकाणी मनापासून बोलावतात. सप्टेंबरात 'हेरिटेज ओपन डेज' असतात, तेव्हा एरवी बंद असलेले बरेच मनोरे उघडतात.

रविवारी प्रार्थनेच्या वेळी भेटीला जाऊ नका. प्रार्थनेला बसायचं असेल तर खुशाल जा, कुणीही बसू शकतं.

जिना चढताना पायरीच्या रुंद बाजूने, भिंतीकडून पाय टाका. मध्ये खांबाला दोर असेल तर तो धरा. वर जाणारा आणि खाली येणारा एका वेळी जिन्यात मावत नाहीत, म्हणून निघण्याआधी हाक द्या. चक्कर येणाऱ्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी भिडेखातर चढू नये.

७. घंटांच्या मजल्यावर काय वाचायचं

इथे फक्त माहीतगार माणसाबरोबर जायचं, आणि सगळ्या घंटा तोंड खाली करून स्थिर आहेत याची त्याने खात्री केल्यावरच. घड्याळाची हातोडी बाहेरून आपटते आणि तासाला अचानक वाजते. कानात बोळे घालूनच उभे राहा.

पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती लाकडी चौकट. जुनी असेल तर ओकच्या जाड तुळयांची, खाचा-कुसवांनी जोडलेली. प्रत्येक घंटेला आपला खण. घंटेच्या डोक्यावर आडवा कणा, कण्याला एका बाजूला मोठं लाकडी चाक, चाकावरून दोर खाली गेलेला. कण्यातून वर आलेली लाकडाची पट्टी म्हणजे स्टे, उलट्या घंटेला टेकण्यापुरती. घंटेच्या पोटात लोळा.

ही चाकं सुरुवातीला अर्धी किंवा पाऊणच असत. सोळाव्या-सतराव्या शतकात ती पुरी झाली आणि घंटा पूर्ण गोल फिरू लागली. आपल्याकडच्या घंटांशी ताडून पाहा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीज चर्चांमधून आणलेल्या घंटा आपल्या देवळांत आहेत; नाशिकची नारोशंकराची घंटा सगळ्यांना ठाऊक आहे. ती टांगलेली राहते आणि लोळा हलतो. इंग्लंडात सगळी घंटाच ३६० अंशांत फिरते. फिरताना ती चौकटीवर आपल्या वजनाच्या सुमारे चौपट भार खाली टाकते आणि दुपटीइतका आडवा. एक टनाची घंटा म्हणजे दोन टनांचा आडवा धक्का, दर दोन सेकंदांनी, एकदा इकडे, एकदा तिकडे. भिंती इतक्या जाड का आणि कोपऱ्यांना ते दगडी आधार का, ते इथे उभं राहिल्यावर पटतं. घंटा वाजत असताना खालच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तर मनोरा डुलताना जाणवतो. डुलणं चांगलं असतं, घाबरू नका.

आता टॉर्च तिरपा धरून घंटेच्या खांद्याजवळची अक्षरं वाचा. उजेड समोरून मारला तर काहीच दिसत नाही. बाजूने मारला की अक्षरं उठून येतात. मध्ययुगीन घंटेवर लॅटिन असतं, बहुधा एखाद्या संताचं नाव : 'सांक्ता मारिया ओरा प्रो नोबिस', हे संत मारिये, आमच्यासाठी विनवणी कर. तारीख क्वचितच असते. लँकशरमधल्या क्लॉटन गावच्या घंटेवर १२९६ आहे, आणि इंग्लंडातली तारीख कोरलेली सर्वांत जुनी घंटा म्हणून तिचं नाव घेतात. शेजारी ओताऱ्याचा शिक्का शोधा. सफकमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या ओताऱ्यांच्या शिक्क्यात मुकुट, त्यातून आरपार गेलेले बाण आणि घंटा असते. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंड पोपपासून वेगळं झाल्यावर, संतांची नावं गेली आणि चर्चवॉर्डनची नावं आली. ग्लॉस्टरच्या रुडॉल घराण्याच्या, म्हणजे १६८४ ते १८३५ या काळातल्या घंटांवर 'शांती आणि चांगला शेजारधर्म' अशा अर्थाच्या ओळी भेटतात.

मग घंटेच्या कडेशी, आतून, लोळा आदळतो ती जागा बघा. जुन्या घंटेवर चार ठिकाणी घासल्याच्या, किंचित खोलगट, चकचकीत खुणा असतात. दोन समोरासमोरच्या आजच्या, दोन आधीच्या. तीच जागा शतकभर मार खाऊन पातळ झाली की घंटा उतरवून पाव वळण फिरवतात आणि नव्या जागेवर टोले घेतात. डोक्यावरच्या कड्या कापलेल्या असतील तर ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नव्या पद्धतीने टांगताना झालेलं काम.

धातू म्हणजे साधारण ७७ भाग तांबं आणि २३ भाग कथील. कथील इतकं असल्यामुळे आवाज येतो, आणि त्यामुळेच धातू ठिसूळही होतो. हातोडीने टोला मारून पाहू नका. एका घंटेत एकच सूर नसतो. चांगल्या घंटेत पाच सूर कान देऊन वेगळे काढता येतात, आणि त्यांतला एक कोमल गंधाराचा असतो. इंग्लिश घंटांच्या आवाजाला जी हुरहूर लागलेली असते ती त्याची. हे पाचही सूर आतून धातू तासून जुळवायची रीत कॅनन सिम्पसन यांच्या अभ्यासातून आली आणि लफबरोच्या टेलर कारखान्याने ती १८९६ पासून वापरली. तो कारखाना आजही चालू आहे. लंडनचा व्हाइटचॅपल कारखाना २०१७ मध्ये बंद झाला.

वजन टनात लिहिलेलं नसतं. ८-२-१४ असं दिसलं तर ८ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, क्वार्टर म्हणजे २८. हिशेब केला तर ९६६ पौंड, सुमारे ४३८ किलो.

८. घंटा ऐका

आपला कान सुरावट शोधतो आणि इथे सुरावट नसते. हे आधी माहीत नसलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून हा भाग नीट वाचा.

सर्वांत लहान, उंच सुराची घंटा ती ट्रेबल; सर्वांत मोठी ती टेनर. सुरुवात उतरत्या क्रमाने होते : १, २, ३, ४, ५, ६. याला राउंड्स म्हणतात. टाळीच्या अंतराने एकेक टोला, पुन्हा तेच. हे ओळखता आलं की निम्मं झालं.

मग क्रम बदलू लागतो. पण कसाही नाही. टनभर धातू फिरतोय. त्याचा वेग वादकाला मनासारखा बदलता येत नाही. घंटा उलटी होऊन तोलावर येते तेवढ्या क्षणी तिला जरा रोखता येतं किंवा जरा लवकर सोडता येतं. एवढंच. त्यामुळे एका फेरीत घंटा एक जागा पुढे येऊ शकते, एक जागा मागे जाऊ शकते, किंवा तिथेच राहते. १२३४५६ नंतर २१४३६५ येईल, मग २४१६३५. धातूच्या वजनाने घातलेल्या या एका बंधनातून इंग्लिश लोकांनी सतराव्या शतकात सगळं गणित उभं केलं. नियम असा की कोणताही क्रम दोनदा यायचा नाही. सहा घंटांचे क्रम होतात ७२०, सातांचे ५०४०, आठांचे ४०३२०. कागद बघून वाजवायचं नाही, सगळं डोक्यात.

५००० किंवा अधिक क्रमांच्या वादनाला पील म्हणतात आणि त्याला तीनेक तास लागतात. नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी ५०४० क्रम ३ तास १८ मिनिटांत वाजले, ती पहिली खरी पील मानतात. आठ घंटांचे सगळेच्या सगळे ४०३२० क्रम लफबरोला १९६३ मध्ये १७ तास ५८ मिनिटांत वाजवले; त्या आठ जणांतला कोणीही मध्ये उठला नाही. भिंतीवरच्या त्या सोनेरी फळ्या अशा पीलच्या आहेत.

ऐकताना मोठ्या घंटेचा टोला पकडा. पुष्कळदा ती प्रत्येक फेरीच्या शेवटी ठाम येते आणि बाकीच्या तिच्यापुढे जागा बदलत राहतात. मग ट्रेबल पकडा; ती पुढून मागे आणि मागून पुढे जाताना ऐकू येते. हे दोन धागे हाती लागले की बाकीचा गलबला वाटेनासा होतो. चर्चच्या भिंतीखाली उभं राहू नका, शंभर-दीडशे पावलं लांब जा. आवाज झडपांतून बाहेर पडून खाली यायला तेवढं अंतर लागतं. डेव्हन परगण्यात मात्र पद्धत निराळी : तिथे प्रमुख मोठ्याने सांगतो आणि त्या वेळी दोनच घंटा जागा बदलतात. नवख्या कानाला ते सोपं जातं.

रविवारच्या प्रार्थनेआधी अर्धा तास आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी, साधारण साडेसात ते नऊ, या ऐकायच्या वेळा. दुसऱ्या महायुद्धात, १३ जून १९४० पासून, या घंटांवर बंदी होती. शत्रू उतरल्याचा इशारा म्हणूनच त्या वाजणार होत्या. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या विजयानंतर १५ नोव्हेंबर १९४२ ला त्या मुद्दाम वाजवल्या गेल्या. गावातल्या वयस्कर माणसांशी बोलताना हा विषय काढून बघा, घरात ऐकलेलं पुष्कळ सांगतात.

या सगळ्याचा एक धागा पुण्यातही आहे. १८९० साली ज्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानडे ग्रामण्यात सापडले, त्याच पंचहौदच्या होली नेम चर्चच्या उंच मनोऱ्यात आठ घंटा आहेत, इंग्लिश रीतीने पूर्ण गोल फिरतील अशा टांगलेल्या. गुरुवार पेठेतून जाताना तो मनोरा दिसतोच. आता वर झडपांकडे बघा.

९. शिकायचं असेल तर

शिकवणी जवळजवळ सगळीकडे फुकट असते आणि बऱ्याच मनोऱ्यांना माणसांची निकड असते. ख्रिस्ती असण्याची अट सहसा नसते. रविवारी प्रार्थनेआधी वाजवायला यावं, एवढी अपेक्षा असते, आणि ती पाळायला हवी. ताकद फारशी लागत नाही. घंटा तोलावर असते. जोरापेक्षा वेळ साधावी लागते. संगीत येत नसलं तरी अडत नाही.

सुरुवातीचे धडे एकट्याने, एका घंटेवर, लोळा बांधून ठेवून होतात, म्हणजे गावाला त्रास नाही. आधी फक्त मागची ओढ (बॅकस्ट्रोक), दोराचं शेपूट, म्हणजे खालचं टोक, धरून. मग फक्त पुढची (हँडस्ट्रोक), सॅली धरून आणि वेळेवर सोडून. मग दोन्ही एकत्र. सॅली वेळेवर सोडायची हे पहिलं, आणि दोराचं शेपूट कधीच सोडायचं नाही हे दुसरं. शिक्षक 'सोडा' म्हणाले की त्या क्षणी सोडून मागे व्हायचं, का ते नंतर विचारायचं. ओढणी, गळ्यातली लांब माळ, सैल बाह्या, मनगटावरचं घड्याळ सगळं आधी काढून ठेवा. साडीवर अजिबात नको. दोर खाली-वर जाताना पायाशी वेटोळं होतं, त्यात पाऊल अडकू देऊ नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या सहीचं संमतिपत्र लागतं आणि त्या खोलीत नेमलेली मोठी माणसं हजर असावी लागतात. मोठ्यांना बहुतेक ठिकाणी नाव आणि अडीअडचणीला कळवायचा नंबर एवढंच द्यावं लागतं. खांदा, पाठ किंवा हृदयाची तक्रार असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा. हलकी घंटा देतात. एकट्याने घंटा सांभाळता यायला काही आठवडे लागतात आणि बाकीच्यांबरोबर राउंड्समध्ये आपली जागा धरायला आणखी काही. नंतर दुसऱ्या गावी गेलात तरी सरावाच्या संध्याकाळी नुसतं दारात जाऊन 'मी वाजवते' म्हटलं की हातात दोर देतात. मात्र कुठपर्यंत येतं ते तिथे खरं सांगा, म्हणजे बेताची घंटा मिळेल.